अकिलीसला पश्चात्ताप झाला, असे कोणी सांगितले?

‘इलियड’चे कथानक आपल्याकडे परीक्षेपुरते ज्या चार वाक्यांत सांगितले जाते, ती वाक्ये आता जवळजवळ पाठ झालेली आहेत. अकिलीस हा पराक्रमी परंतु अहंकारी वीर होता. अहंकारापायी त्याने स्वकीयांचा नाश ओढवून घेतला. क्रोधाच्या भरात हेक्टरच्या प्रेताची विटंबना केली. आणि अखेरीस वृद्ध प्रायमचे अश्रू पाहून त्यास पश्चात्ताप झाला व त्याने शत्रूला क्षमा केली. मार्गदर्शिकांतून हे येते, मार्गदर्शिकांतून टिपणवह्यांत जाते, आणि खेदाची गोष्ट अशी की टिपणवह्या देणारे आपणच असतो. तौलनिक साहित्याभ्यास शिकवणाऱ्या आम्हां काही प्राध्यापकांचे स्पष्ट मत असे आहे की अहंकार, पाप, पश्चात्ताप आणि क्षमा या चार शब्दांपैकी एकही त्या काव्याचा नाही. ते एका वेगळ्या ग्रंथाचे शब्द आहेत. तो ग्रंथ थोर आहे, परंतु तो होमरने लिहिलेला नाही.

आधी चोविसाव्या सर्गाकडेच पाहू, कारण ‘पश्चात्तापा’चा सारा आधार तेथे आहे. हेक्टरचे प्रेत अकिलीस रोज पॅट्रोक्लसच्या थडग्याभोवती रथामागे ओढतो आहे. देवांच्या सभेत हा विषय निघतो. झ्यूस थेटिसला बोलावून मुलाकडे निरोप धाडतो: प्रेत परत कर, त्याची भरपाई तुला मिळेल. या निरोपावर अकिलीसचे उत्तर दोन ओळींचे आहे. ऑलिम्पसच्या स्वामीचीच तशी इच्छा असेल तर जो भरपाई आणील त्याने प्रेत न्यावे, एवढाच त्याचा आशय. प्रायम अजून तंबूत आलेलाही नाही. प्रेत परत करण्याचा निर्णय त्याच्या येण्यापूर्वी झालेला आहे आणि तो आज्ञापालनाचा आहे.

मग प्रायम येतो, ज्या हातांनी आपली मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो आणि अकिलीसला त्याच्या पित्याची आठवण देतो. दोघे रडतात. पण कोणासाठी? प्रायम हेक्टरसाठी रडतो. अकिलीस आपल्या पित्यासाठी, आणि मधूनच पॅट्रोक्लससाठी. हेक्टरसाठी तो रडत नाही. थोड्याच वेळाने प्रायम प्रेत लवकर ताब्यात देण्याची घाई करतो, तेव्हा अकिलीस त्याला दटावतो की मला अधिक डिवचू नकोस, नाहीतर शरणार्थी म्हणून आलेल्या तुलाही मी सोडणार नाही. प्रेत गाडीवर चढवताना तो मृत पॅट्रोक्लसला उद्देशून बोलतो: रागावू नकोस, भरपाई योग्य मिळाली आहे, तुझा वाटा तुलाही देईन. ज्याला पश्चात्ताप झाला आहे तो मनुष्य मारलेल्याच्या बापाची माफी मागतो. हा माणूस आपल्या मित्राची मागतो. पुढे अंत्यविधीसाठी प्रायम अकरा दिवस मागून घेतो आणि बाराव्या दिवशी, गरज पडल्यास, पुन्हा लढू असे स्वतःच म्हणतो. अकिलीस ती मुदत मान्य करतो. यात क्षमा कोठे आहे? आणि ती नसल्यामुळे हा प्रसंग उणा होतो काय? आमच्या मते उलट आहे. एकमेकांना क्षमा न करता, उद्या पुन्हा मारामारी होणार हे जाणून, दोन माणसे एका ताटावर जेवायला बसतात, हे क्षमेपेक्षा पचवायला अवघड आहे. ‘त्याने क्षमा केली’ असे लिहिले की ही अडचण संपते. ती संपावी म्हणूनच बहुधा तसे लिहिले जाते.

त्याला खेद होत नाही असे मात्र नव्हे. अठराव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा तो स्वतःला भूमीला भार म्हणतो, देवांमाणसांतून कलह आणि क्रोध नष्ट होवोत असेही म्हणतो. परंतु हा खेद सोबत्याच्या वेळेला आपण उभे राहिलो नाही याचा आहे. तो कोणत्याही ईश्वराच्या आज्ञेचा भंग केल्याचा नाही. आणि त्या खेदातून तो नम्र होत नाही. अधिक भयंकर होतो. एकविसाव्या सर्गात शस्त्र टाकून गुडघे धरणाऱ्या लायकेऑनला तो मारतो, आणि मारताना त्याला ‘मित्र’ म्हणतो. पॅट्रोक्लससारखा चांगला माणूस मेला, मीही मरणार आहे, मग तू एवढा विलाप का करतोस, असा त्याचा सवाल आहे. पाप आणि पुण्याच्या दोन रकान्यांत हे संबोधन कोठे भरायचे?

आता ‘अहंकारा’कडे. भांडणाचे मूळ काय आहे? लुटीतला जो सन्मानाचा वाटा, ज्याला ग्रीकमध्ये गेरास म्हणतात, सर्व सैन्याने अकिलीसला दिलेला आहे, तो सेनापती अ‍ॅगमेम्नॉन स्वतःचा वाटा गेला म्हणून हिसकावून घेतो. अकिलीसचे पहिल्या सर्गातील म्हणणे अगदी हिशेबी आहे: लढाईचा मोठा भार माझ्या हातांवर आणि वाटपाच्या वेळी मोठा वाटा तुझा. हे वर्गात सांगितले की कोणाला चटकन उमगते हे आम्ही पाहिलेले आहे. आमच्या भिवंडी तालुक्यात, दापोडे-मानकोलीच्या पट्ट्यात, गोदामांची रांगच्या रांग उभी आहे. रात्रीची पाळी करून सकाळी वर्गात बसणाऱ्या मुलाला, ठेकेदाराने हजेरी कापली म्हणजे काय होते, हे समजावून द्यावे लागत नाही. तोच मुलगा उत्तरपत्रिकेत मात्र ‘अकिलीसचा अहंकार’ असे लिहितो, कारण मार्गदर्शिकेत तसे छापलेले असते. ज्याचा वाटा काढून घेतला त्याच्या रागाला अहंकार म्हणणे ही नेहमीच वाटा काढून घेणाऱ्याची भाषा असते. नवव्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन सात तिवया, दहा टॅलेंट सोने, वीस हंडे, बारा घोडे, सात स्त्रिया आणि सात नगरे देऊ करतो व अकिलीस ते नाकारतो, तेथे त्याचा राग मर्यादा ओलांडतो, हे खरे. परंतु हे काव्यातच फीनिक्स आणि एजॅक्स त्याला तोंडावर सांगतात. त्यासाठी बाहेरून न्यायाधीश आणण्याचे कारण नाही.

बाहेरचा न्यायाधीश कसा आला, हे एका शब्दाच्या प्रवासातून दिसते. ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल ज्याला हमार्तिया म्हणतो तो शब्द मुळात नेम चुकण्याशी संबंधित आहे. नायक दुष्टपणामुळे कोसळत नाही, काही प्रमादामुळे कोसळतो, इतकेच त्याचे म्हणणे. तोच शब्द पुढे हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक अनुवादात आणि नव्या करारात ‘पाप’ या अर्थाने स्थिरावला. प्रमादाचे पाप झाले. पापाचा पुढे ‘स्वभावदोष’ झाला. आणि मराठी समीक्षेच्या वर्गात ‘शोकात्म नायकाचा स्वभावदोष सांगा’ असा प्रश्न झाला. विद्यार्थी दोष शोधू लागतो, आणि अहंकार हा दोष असा आहे की तो कोणत्याही नायकात सापडतो. ईडिपसमध्ये सापडतो, दुर्योधनात सापडतो, गणपतराव बेलवलकरांतही सापडतो. जे माप सर्वांना सारखेच बसते त्याने काय मोजले?

या मापाने मोजणाऱ्यांत सर्वांत मोठा कवी दान्ते. त्याने अकिलीसला नरकात टाकले, हे एक वेळ समजू. पण कोणत्या वर्तुळात? दुसऱ्या, म्हणजे कामवासनेने भ्रष्ट झालेल्यांच्या. ज्याच्या काव्याचा पहिला शब्दच ‘क्रोध’ आहे, त्याला क्रोधिष्टांच्या वर्तुळात जागा मिळाली नाही. दान्तेला मूळ होमर वाचता येत नव्हता आणि मध्ययुगात अकिलीस हा प्रायमच्या कन्येच्या, पॉलिक्सिनाच्या, प्रेमापायी मेलेला म्हणून प्रसिद्ध होता, हे त्याचे कारण. हेक्टर मात्र सज्जन ख्रिस्तेतरांच्या सौम्य जागी आहे. आपले विद्यार्थीही हेक्टरवर लोभ करतात. तो कुटुंबवत्सल आहे, लेकराला उचलून घेतो. पण हाच हेक्टर सतराव्या सर्गात पॅट्रोक्लसचे मुंडके कापून धड ट्रॉयच्या कुत्र्यांना घालण्याच्या बेतात असतो. ते त्याला जमत नाही, एवढाच फरक. सज्जन हेक्टर आणि दुर्जन अकिलीस ही जोडी टिकवायची तर ‘इलियड’ची बरीच पाने फाडावी लागतील.

कोणी म्हणेल, दूरच्या ग्रीकांसाठी एवढा संताप कशाला? कारण हेच माप आपल्या घरातल्या महाकाव्यांवरही लावले गेले आहे, आणि ते लावणाऱ्यांत परके थोडे होते, आपले अधिक आहेत. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी हिंदुधर्माच्या समर्थनाचे पुस्तक काढले, विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याचे खंडन छापले. त्या काळच्या मिशनरी लिखाणात कृष्णाची चोरी, गोपी आणि युद्धातील कपट हे आरोपपत्रातील ठरलेले कलम असे. मिशनऱ्यांना दोष देण्यात आम्हांस रस नाही. ते आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक होते आणि वादाला उघडपणे उभे राहत. वादाचा खरा परिणाम प्रतिवादींवर झाला. ‘हे माप आमच्या ग्रंथाचे नव्हे’ असे म्हणणारे कमी होत गेले आणि ‘तुमच्या मापानेही आमचा नायक उणा नाही’ असे सिद्ध करणारे वाढत गेले. बंगालीत बंकिमचंद्रांनी १८८६ मध्ये ‘कृष्णचरित्र’ लिहिले ते याच ईर्ष्येने. गोपी, चमत्कार सारे प्रक्षिप्त ठरवून त्यांनी एक निष्कलंक आदर्श पुरुष घडवला. खटला हरू नये म्हणून वकिलाने पक्षकाराचा चेहरामोहराच बदलून टाकावा, तसे हे झाले.

मराठीत या वकिलीचे सर्वांत लोकप्रिय फळ म्हणजे कर्ण. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. या कादंबऱ्यांनी मराठी घराघरांत कर्ण नेला, हे त्यांचे यश कोणीही नाकारणार नाही. पण तो कर्ण कोणता? सर्वांकडून नाकारलेला, सर्व सोसणारा, मागेल त्याला सर्वस्व देणारा, आईलाही क्षमा करणारा, आणि शेवटी इतरांच्या पापांचे ओझे वाहून मरणारा. या मूर्तीकडे जरा दुरून पाहावे. ती कोणासारखी दिसते हे आम्ही सांगण्याची गरज नाही. कर्णाला महान ठरवण्यासाठी त्याला आधी निरपराध ठरवावे लागले.

महाभारतातील कर्ण निरपराध नाही. सभापर्वात द्रौपदीला बंधकी म्हणणारा आणि पांडवांसह तिची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. कादंबरीकाराला त्या शब्दांमागे एक दुखावलेले मन उभे करावे लागते. त्यासाठी स्वयंवरात द्रौपदीने ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हटल्याचा प्रसंग उपयोगी पडतो. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत मात्र तो नकार नाही. म्हणजे अपराध संहितेतला आणि त्याचे समर्थन तळटीपेतले. मजेची गोष्ट अशी की ज्या १९६७ साली ‘मृत्युंजय’ आली त्याच साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही प्रसिद्ध झाले, ज्यात या माणसांना देव किंवा संत न करता त्यांच्या काळच्या मूल्यांत उभे केले आहे. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, वाचकांच्या मनातला कर्ण मात्र ‘मृत्युंजय’चाच राहिला.

उद्योगपर्वातला एक प्रसंग आम्ही नेहमी चोविसाव्या सर्गाशेजारी ठेवून शिकवतो. कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि राज्य देऊ करतो. कर्ण उत्तरात कबूल करतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना कटू बोललो, त्याचा मला ताप होतो. म्हणजे खेद आहे. पण त्या खेदाने तो पक्ष बदलत नाही. युद्धाला तो यज्ञ म्हणतो आणि त्या यज्ञात आपण मरणार हे जाणून परत जातो. वर कृष्णाला सांगतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कळले तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. ख्रिस्ती विचारात पश्चात्ताप म्हणजे मन फिरणे, वाट बदलणे. येथे मन पोळते आणि वाट तीच राहते. याला काय नाव द्यावे हे आम्हांस ठाऊक नाही, पण ‘अपुरा पश्चात्ताप’ हे ते नाव खचितच नव्हे.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे: क्षमा ही केवळ ख्रिस्ती कशी? ती तर वारकऱ्यांची, ज्ञानोबा-तुकोबांची. हे मान्यच आहे. किंबहुना म्हणूनच मिशनऱ्यांचे माप मराठी मनाला परके वाटले नाही. परंतु संतांची क्षमा हा साधकाने स्वतःला लावून घ्यायचा नियम आहे, दुसऱ्याला गुण देण्याची तक्ता-वही नव्हे. गीतेतही अठराव्या अध्यायात क्षांती ब्राह्मणकर्मात आहे. क्षत्रियकर्मात शौर्य, तेज, धृती, दक्षता, युद्धातून न पळणे, दान आणि प्रभुत्व आहे, क्षमा नाही. ही वाटणी वर्णव्यवस्थेची आहे आणि ती आम्हांस मान्य आहे असे मुळीच नव्हे. पण वीराचे माप वेगळे होते, एवढे त्यावरून कळते. आणि त्याहून महत्त्वाचे, महाभारत हा प्रश्न मिटवत नाही, पेटता ठेवते. वनपर्वात युधिष्ठिर क्षमेची थोरवी गातो, आणि द्रौपदी प्रल्हाद-बली संवादाचा दाखला देऊन बजावते की सतत तेज बरे नव्हे, सतत क्षमाही बरी नव्हे. ज्या ग्रंथात क्षमेवर असा खटला चालतो, त्याच ग्रंथातल्या माणसांना आपण क्षमेच्या सोळा गुणांपैकी किती मिळाले ते सांगत बसतो.

दुसरा आक्षेप सोपा: मग काय, कोणाला काही म्हणायचेच नाही? त्या काळी तसेच चालायचे म्हणून हात झटकायचे? असे आम्ही म्हटलेले नाही. महाकाव्याचे स्वतःचे न्यायपीठ असते आणि ते आपल्यापेक्षा कठोर असते. चोविसाव्या सर्गात अपोलो अकिलीसवर आरोप ठेवतो तो क्षमा न केल्याचा नव्हे. या माणसाने दया टाकली, लाज टाकली. इतरांचेही भाऊ-मुलगे मरतात, ते रडतात आणि थांबतात. हा मुक्या मातीची विटंबना करत बसला आहे, असा तो आरोप आहे. मर्यादेचा आणि लाजेचा. कर्णपर्वात चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण देतो, तेव्हा कृष्ण त्याला द्यूतसभेची, अभिमन्यूची आठवण देऊन विचारतो की तेव्हा तुझा धर्म कोठे होता. आणि कर्ण लाजेने मान खाली घालतो, उत्तर देत नाही. त्या खाली घातलेल्या मानेवर कादंबऱ्यांनी शेकडो पाने भरून वकिली केली. ज्याचा खटला, तो मात्र गप्प आहे. ख्रिस्ताच्या चार शतके आधी प्लेटोनेही अकिलीसला धारेवर धरले होते, पण त्याची तक्रार अशी की हा रडतो फार, भेटींचा लोभी आहे, कैद्यांना मारतो. आणि नगररक्षकांच्या मुलांना असे काव्य शिकवू नये. हे माप आपल्याला पटो न पटो. निदान ते कोणाचे हे प्लेटो लपवत नाही.

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडून येतो, आणि त्याचे उत्तर टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांचा ‘रिडल्स’चा खंड प्रसिद्ध केला आणि राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून रण माजले. वालीचा वध, सीतेचा त्याग, शंबूकाची हत्या यांचा जाब बाबासाहेबांनी विचारला. हाही काळाबाहेरचा न्याय आहे काय, असे विद्यार्थी विचारतात. आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बाबासाहेब काव्यातल्या पात्राला प्रश्न विचारत नव्हते. ज्याची आज देवळे आहेत, ज्याच्या नावाने आज माणसांचे स्थान ठरवले जाते, त्या अधिकाराला विचारत होते. जिवंत सत्तेला आजच्या मापानेच मोजावे लागते. अकिलीसच्या नावाने आज कोणी कोणाला विहिरीवरून हाकलत नाही. या दोन कामांत गल्लत झाली की एकीकडे काव्य मरते आणि दुसरीकडे सत्तेला ‘ते तर काव्य आहे’ म्हणून निसटता येते.

शिवाय आजचा वाचक ज्या प्रश्नाने खरोखर अस्वस्थ व्हायला हवा, तो या पाप-क्षमेच्या गदारोळात ऐकूच येत नाही. अकिलीसचा हिसकावलेला वाटा म्हणून वर ज्याचा उल्लेख केला, तो वाटा म्हणजे ब्रायसीस ही स्त्री आहे. ती परत मिळते तेव्हा, एकोणिसाव्या सर्गात, अकिलीस म्हणतो की ती त्या दिवशीच जहाजावर मेली असती तर बरे झाले असते. त्याच सर्गात पुढे ती स्वतः बोलते. तिचा नवरा आणि तीन भाऊ त्याच लढाईत मेले, नवऱ्याला मारणारा अकिलीसच. आणि त्याच अकिलीसची लग्नाची बायको तुला करवीन, असा शब्द तिला पॅट्रोक्लसने दिला होता. तोही आता मेला. तिच्याभोवतीच्या बंदिवान बायका रडू लागतात. होमर सांगतो की त्या रडत होत्या पॅट्रोक्लसच्या निमित्ताने, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. या बायकांपैकी कोणालाही, अकिलीसला पश्चात्ताप झाला की नाही, हे कोणी कळवलेले नाही.